भाड्याची लेन्स आणि दसऱ्याचा चास

दसऱ्याला काढलेला चासाचा फोटो नात्यात पाठवल्यापासून मला एकच प्रश्न येतोय, "काका, लेन्स केवढ्याला पडली?" पक्षी कोणता, कुठं बसला होता, हे विचारणारे दोघंच निघाले. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो. किंमत मात्र इथंही सांगणार नाही. पस्तीस-छत्तीस वर्षं बँकेत काढली, खातेदाराची रक्कम चारचौघांत बोलायची नाही ही सवय अंगात मुरली आहे, मग खातं स्वतःचं का असेना.

चास म्हणजे नीलकंठ, पुस्तकात नीलपंख. संस्कृतात चाष, आणि आणखी एक मजेशीर नाव आहे, किकीदिवि. आमच्या घरात आजी चास म्हणायची, म्हणून आम्हीही चासच म्हणतो. दसऱ्याला सकाळी हा पक्षी दिसला की वर्ष चांगलं जातं, ही समजूत आपल्या बिदर-कलबुर्गी भागात सगळ्याच भाषांत आहे. आपण आपट्याचं सोनं देतो, कन्नड शेजारी बन्नी देतात, झहीराबादकडचे तेलुगू लोक जम्मी म्हणतात आणि चासाला पालपिट्टा. पानं वेगळी, नावं वेगळी, पण आभाळाकडं बघत फिरायचं ते याच एका पक्ष्यासाठी. आमच्या लहानपणी दसऱ्याला दारावर पिंजरा घेऊन माणसं यायची. कापड बाजूला सारून पक्षी दाखवायचा आणि पैसे घ्यायचे. आजी कधी पैसे द्यायची नाही. बांधलेल्या पक्ष्याचं दर्शन म्हणजे तुरुंगातल्या माणसाकडून आशीर्वाद घेणं, असं तिचं मत होतं. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हा धंदा गुन्हाच ठरला, तरी हैदराबादकडं दसऱ्याच्या सुमारास असे पिंजऱ्यातले चास सोडवल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात.

या पक्ष्याचा मान असा की तो कर्नाटकाचा राज्यपक्षी आहे आणि तेलंगणाचाही. महाराष्ट्राचा मात्र हरियाल. आमच्या आक्काचं घर कमलनगर तालुक्यात आहे, शेताच्या खालच्या अंगाला नाला आणि नाल्यापलीकडं उदगीर तालुका. म्हणजे चास नाला ओलांडून गेला की त्याचं राज्यपद जातं, किडा तोंडात धरून परत आला की पुन्हा मिळतं. हसू नका. आमच्या पिढीचंही तेच झालं आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली आणि आमचं आजोळ मुंबई राज्यात गेलं, आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. आक्का तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती अजून सांगते, त्या दिवाळीत मामा म्हणाले होते, "आता तुम्ही परदेशातले पाहुणे."

मी ब्याहत्तर साली गुलबर्ग्याहून बी.कॉम. झालो. तेव्हा आम्हाला पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची मिळायची. नोकरीत बराच काळ ग्रामीण शाखांत गेला, आळंद, चिंचोळी, सेडम. पीककर्जाच्या पाहणीला स्कूटरवरून जायचो. पाहणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी रस्त्यात दिसलेले पक्षी मांडायचो, तो माझा खासगी ताळेबंद. त्या वह्या अजून आहेत. ऐंशीच्या दशकात गुलबर्गा ते आळंद या चाळीसेक किलोमीटरमध्ये, पावसाळा संपल्यावर, तारांवर नऊ-दहा चास सहज लिहिलेले सापडतात. गेल्या वर्षी त्याच रस्त्यानं मुद्दाम सकाळी गेलो. दोन दिसले. माझ्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशभरच्या नोंदींवरून काढलेला २०२३ चा अहवालही हेच सांगतो, की बारा वर्षांत चास सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या सगळ्या मुलखाचं पक्षी सर्वेक्षण केलं, तेव्हा आपला भाग त्याच मुलखात होता. त्या काळचे माळ आणि आजचे माळ यांची तुलना केली तर पक्ष्यांनी कुठं बसावं हा प्रश्नच पडतो. चासाला उघडी जमीन लागते, टोळ-नाकतोडे लागतात आणि अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली लागते. आपण माळ नांगरले, औषधं फवारली, जुनी झाडं तोडली. विजेचे खांब तेवढे भरपूर दिले.

आता आक्का. आक्का ८४ वर्षांची. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार, डॉक्टर मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. समोर बघितलं की मधोमध करडा गोल दिसतो, कडेचं दिसतं. त्यामुळं ती घरात फिरते, उंबरा ओलांडते, चालीवरून माणूस ओळखते, पण पुढ्यातल्या माणसाचं तोंड तिला दिसत नाही. डॉक्टरांनी तिला थोडं तिरकं बघायला शिकवलं आहे. लग्न होऊन त्या गावात गेल्यापासून दसऱ्याला चास बघायचा तिचा नेम कधी चुकला नव्हता. दाजी होते तोवर ते बैलगाडीतून न्यायचे, नंतर मुलगा मोटारसायकलवर न्यायचा. २०२४ च्या दसऱ्याला तिला तो दिसला नाही. तारेवर होता, सगळे बोट दाखवत होते, पण तिला फक्त आभाळ दिसलं. मी माझ्या जुन्या ७०-३०० लेन्सनं फोटो काढून, मोठा करून, छापून नेऊन दिला. तिनं कागद कडेला धरला, मान वाकडी केली आणि म्हणाली, "ह्यो डाग कशाचा पडलाय रे?"

तो डाग मला वर्षभर पुरला.

कॉमर्सचा माणूस, म्हणून आधी हिशेब मांडला. चास चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २७ सेंटिमीटर. तो ३० मीटरवर बसला असेल तर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा २.७ मिलिमीटर पडते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद, म्हणजे पक्षी फोटोच्या नवव्या हिश्शात बसतो. ६०० ची लेन्स लावली की ५.४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. रुंदी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. उरलेला फायदा जवळ जाऊन मिळवता येतो, पण जवळ गेलं की पक्षी उडतो. या वयात रांगत जाणंही नको.

म्हणजे ६०० लागणार हे ठरलं. पण विकत घेण्याआधी पारखून बघावी असं वाटलं. हैदराबादला लेन्स भाड्यानं देणारं दुकान आहे. आठ दिवसांचं भाडं, वर अनामत, आधारची झेरॉक्स, निवृत्तिवेतनाचं पुस्तक. आयुष्यभर लोकांची कागदपत्रं मी तपासली, आता एक पंचविशीचा मुलगा माझी सही ताडून बघत होता. त्यानं चोख काम केलं, मला आवडलं. महिन्याच्या आत घेतली तर भाडं किमतीतून वजा करू, असंही म्हणाला. २७ सप्टेंबरला शनिवारी लेन्स घेऊन बिदरला आलो. निकॉनची झेड १८०-६००, एफ ५.६ ते ६.३. कॅमेरा झेड ५० टू, तो आधीच घेतला होता.

आणि पाऊस. यंदा सप्टेंबरच्या शेवटी काय झालं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. मांजरा फुगली, भीमेनं कलबुर्गीकडची गावं वेढली, मराठवाड्यात तर हाहाकार. आक्काच्या खालच्या पट्टीतलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, वरची तूर तेवढी वाचली. पहिले दोन-तीन दिवस लेन्स घरातच. मी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा तिपाईवर लावला आणि १८०, ४००, ६०० अशा तिन्ही ठिकाणी बारीक टाईप वाचता येतो का ते बघितलं. ६०० ला पूर्ण उघड्या छिद्रावरही अक्षरं स्वच्छ, एफ ८ ला किंचित जास्त स्वच्छ, पण त्या किंचितसाठी ढगाळ दिवशी प्रकाश सोडावा असं मला वाटलं नाही. शेजाऱ्यांच्या टाकीवर बुलबुल यायचा, त्याचा डोळा कॅमेरा आपोआप पकडायचा, पक्ष्यांसाठी वेगळी सोय आहे त्यात. सून म्हणाली, "मामा, पेपर वाचायला एवढी मोठी दुर्बीण?"

वजनाचं सांगतो, कारण आपल्या वयाच्या मंडळींना तेच कळीचं. नुसती लेन्स दोन किलोला थोडी कमी, तिपाईला लावायच्या पट्ट्यासकट दोनच्या वर, शिवाय कॅमेरा अर्धा किलो. एक चांगली गोष्ट, झूम केल्यावर ही लेन्स लांब होत नाही, सगळं आतल्या आत सरकतं, त्यामुळं तोल बिघडत नाही, आणि १८० पासून ६०० पर्यंत जायला मनगटाचा एकच छोटा झटका पुरतो. माझा उजवा हात थोडा थरथरतो. लेन्समधली थरथर-रोधक यंत्रणा ती शोषून घेते, हे मी बघितलं. पण मान आणि खांदा यांच्यासाठी कुठल्याच कंपनीनं काही यंत्रणा काढलेली नाही. पाच मिनिटांनंतर हात खाली येतो. त्यावर जुना उपाय केला. उशीच्या खोळीत दोन किलो ज्वारी भरली, तोंड शिवलं, आणि ती गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेवर ठेवली. तिच्यावर लेन्स मांडीवरच्या नातवासारखी बसते. गाडीतून फोटो काढायचा आणखी एक फायदा, पक्षी गाडीला फारसे घाबरत नाहीत, माणूस खाली उतरला की घाबरतात.

मंगळवारी थोडी उघडीप मिळाली तेव्हा पापनाशच्या तळ्याकडं गेलो. बगळे, टिटवी, एक खंड्या. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडत्याला अडीच हजारावा लागतो, हे तिथं पक्कं केलं. आणि साडेनऊनंतर ओल्या जमिनीतून वाफ उठली की दूरचं सगळं थरथरायला लागतं. त्याला लाख रुपयांची लेन्सही काही करू शकत नाही. सकाळी लवकर उठणं हेच त्यावर औषध, आणि ते फुकट आहे.

खंडेनवमीला संध्याकाळी आक्काकडं पोचलो. भाच्यानं ट्रॅक्टर, पंप, कोयता, विळे यांच्या रांगेत लेन्सही मांडली. झेंडूचा हार घातला. मी हळद-कुंकू फक्त डब्याला लावू दिलं. भाड्याच्या वस्तूची पूजा चालते का, यावर दोघं नातू वाद घालत होते. आक्का म्हणाली, "बैल बी कधी कधी भाड्याचाच असतोय, त्याला न्हाई का पुजत?"

जेवताना भाचा शांत होता. सोयाबीनचं बोलणं कुणी काढलं नाही. खरं सांगायचं तर मलाच अवघडल्यासारखं झालं, ज्याचं पीक पाण्यात गेलं त्याच्या बांधावर दुसऱ्या दिवशी एवढी महागडी काच घेऊन उभं राहायचं. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "मामा, सगळं गेलंय असं थोडंच हाय? आईला तेवढं दाखवा."

२ ऑक्टोबर, दसरा. पावणेसातला आम्ही तुरीच्या वरच्या बांधाला गाडी लावली. आक्का पुढच्या सीटवर, नवं लुगडं. समोर तीस-पस्तीस पावलांवर विजेचा खांब. भाच्यानं आठवडाभर लक्ष ठेवलं होतं, हा चास रोज सकाळी त्याच खांबावर येतो. चासाची ती रीतच आहे, उंच जागी गुपचूप बसायचं, खाली हालचाल दिसली की झेप घ्यायची, किडा धरायचा आणि बहुतेक वेळा परत त्याच जागी यायचं. रिकव्हरी ऑफिसरसारखा. त्याच्या या सवयीवरच माझी सगळी योजना होती.

सव्वासातला तो आला. मी तिपाई आक्काच्या दाराशी लावली होती. आधी तिनं नेत्रिकेला डोळा लावून बघितलं, पण तिथं समोरच बघावं लागतं, आणि समोर तिचा करडा गोल. काहीच दिसेना. मग मी कॅमेऱ्याची मागची पाटी उघडून तिच्याकडं वळवली. तर उजेड पाटीवर पडून ती पांढरीफटक. मी टोपी धरून सावली करायला लागलो तोवर आक्कानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि कॅमेऱ्यासकट स्वतःला झाकून घेतलं. पूर्वी स्टुडिओत फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचा ना, अगदी तसं. आत मान तिरकी करून ती बघायला लागली.

"दिसतंय?"

"काहीतरी बसलंय. भुरकट. होला हाय का?"

यात तिची चूक नव्हती. बसलेला चास भुरकटच असतो, तांबूस-तपकिरी छाती, डोक्यावर फिकट निळा टिळा. खरा निळा पंखांत मिटलेला असतो. आणि तो निळाही रंगद्रव्याचा नव्हे, पिसांच्या आतल्या सूक्ष्म रचनेमुळं उजेड विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. म्हणून पंख उघडल्याशिवाय चास हा चास होत नाही. मी ६०० वर होतो. पक्षी पाटीवर मोठा होता, पण उडाला असता तर क्षणात चौकटीबाहेर. मी मनगट फिरवून साडेतीनशेवर आलो आणि खांब चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात घेतला, खाली रिकामं शेत. एकाच अंतराची मोठी लेन्स असती तर हे जमलं नसतं, म्हणून झूम. आक्का आतून कुरकुरली, "लहान झालं की रे."

"थांब जरा."

ती थांबली. मी थांबलो. भाचा गाडीच्या मागं विडी न पेटवता उभा. पाच-सात मिनिटं गेली असतील. चासानं मान खाली केली, एकदा उजवीकडं बघितलं, आणि सुटला. पंख पूर्ण उघडले, गडद निळा, फिकट निळा, पुन्हा गडद, असे पट्टे, आणि तिरका खाली, चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

पदराच्या आतून आवाज आला, "हां! ह्यो चास!"

तिला तो कडेनंच दिसला. मधोमध आला असता तर दिसला नसता. तिरका गेला, म्हणून डोळ्याच्या शाबूत कडेवरून गेला. मी हे डॉक्टरांना नंतर सांगितलं, ते म्हणाले, हालणारी आणि भडक रंगाची गोष्ट कडेच्या नजरेला लवकर कळते, बरोबर आहे.

चास नाकतोडा घेऊन परत खांबावर आला. आक्का पदरातून बाहेर आलीच नाही. तिनं त्याला तीनदा उडताना बघितलं. तिसऱ्यांदा तो नाल्यापलीकडं गेला, उदगीरकडं. मग ती बाहेर आली, डोळे पुसले, आणि खांबाच्या दिशेनं, म्हणजे अंदाजानं, हात जोडले.

घरी आल्यावर वाद झालाच. थोरला नातू म्हणाला, "आजी, तू टीव्हीत बघितल्यासारखंच झालं, ह्याला दर्शन म्हणत न्हाईत." आक्का म्हणाली, "त्यो आत्ता उडला का काल उडला?" "आत्ता." "मी जागेवर होते का न्हाई?" "होतीस." "मग? तू चष्म्यातून देवळात जातूस, ते दर्शन, आन् माझा चष्मा थोरला हाय म्हणून न्हाई?" पोरगा गप्प. माझं स्वतःचं मत आक्कासारखंच आहे. छापलेल्या कागदाला मी दर्शन म्हणणार नाही, पण जिवंत पक्षी आणि जिवंत माणूस यांच्या मध्ये काचा किती आहेत हे मोजू नये. संध्याकाळी सोनं वाटताना ती प्रत्येकाला सांगत होती, तीन डाव उडला, तीन डाव.

आता लेन्स घ्यायची की नाही. मी शुक्रवारी कागदावर मांडलं. त्या रकमेची ठेव ठेवली तर ज्येष्ठ नागरिकाच्या दरानं वर्षाला जे व्याज येतं, त्यात दसऱ्याचं आठ दिवसांचं भाडं भरूनही थोडे पैसे उरतात. मुद्दल शाबूत. शिवाय घसारा नाही, विमा नाही, बुरशीची काळजी नाही. कुठल्याही कर्ज समितीपुढं ठेवा, निकाल एकच, भाड्यानं घ्या. मी तो हिशेब आक्काला फोनवर वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पुढच्या दसऱ्याला दुकान असंल, भाडं असंल. आपण दोघं असू का, ते बी मांड की त्या कागदावर."

शनिवारी हैदराबादला गेलो. मुलानं काच उजेडात धरून तपासली, डब्यावरचं हळद-कुंकू बघून काही बोलला नाही. भाड्याची लेन्स परत केली, नवी सीलबंद घेतली, भाडं वजा करून बिल केलं.

थंडी पडली की आपल्या माळांवर भोवत्या येतात, मध्य आशियाकडून, जमिनीला लागून तिरके-तिरके उडतात. आक्काला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, "केवढा असतोय?" म्हटलं, घारीपेक्षा लहान, पण पंख लांब, आणि एका जागी बसत नाही, सारखा फिरतो.

"मग बरं. गाडीत पुढं मीच बसणार."